ओझं उतरतं तिथे

धान्याचं पोतं खळ्यातून निघून दुकानात पोचेपर्यंत किती वेळा खाली उतरतं आणि किती वेळा पुन्हा चढवलं जातं, एवढं मोजलं तरी वाहतुकीचा अर्धा इतिहास हाती लागतो. एरवी ही गोष्ट वाहनांची म्हणून सांगितली जाते. आधी बैल होता, मग आगगाडी आली, मग ट्रक आला. पण व्यापाऱ्याच्या वहीत खर्चाचे मोठे आकडे पडतात ते माल चालत असताना नव्हे, तर थांबल्यावर. घाटाच्या पायथ्याशी, जंक्शनवर, नाक्यावर, गोदामाच्या दारात. या थांब्यांवर पेठा वसल्या, हमालांना रोजगार मिळाला, सरकारांना जकात मिळाली. थांबा हलला की हे सारं हललं. आपल्या देशात, आणि आपल्या राज्यात विशेषकरून, हा थांबा कसा आणि का सरकत गेला, ते या प्रकरणात पाहू.

घाटमाथ्यापासून सुरुवात करणं सोयीचं. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकाळातले शिलालेख आहेत आणि वाटेच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, जागा मात्र जकात घेण्यासारखीच आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या जनावराला या चिंचोळ्या खिंडीतूनच जावं लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला नेत, असं म्हटलंय. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पुढे दहा दिवसांच्या, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे पठारावर चाकाची गाडी दोन हजार वर्षांपूर्वीही होती. पण घाटात चाक चालत नसे. तिथे माल जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जाई.

पुढची दीड हजारांहून अधिक वर्षं देशातली लांब पल्ल्याची अवजड वाहतूक मुख्यतः पाठीवरचीच राहिली, आणि ती ज्यांनी पेलली त्या बंजारा म्हणजेच लमाण समाजाचं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फार कमी येतं. लमाणांचे तांडे गहू, तांदूळ, डाळी आणि मीठ घेऊन देशभर फिरत. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर भारतात धान्यानं लादलेल्या १४ हजार बैलांचा तांडा भेटला होता. एका बैलावर शंभर किलोच्या आसपास ओझं धरलं, तरी हा तांडा म्हणजे चौदाशे टन माल झाला. आजच्या मालगाडीची एक अख्खी रेक साधारण चार हजार टनांच्या आगेमागे नेते. डिझेल नाही, रूळ नाहीत, डांबरी रस्ता नाही, अशा काळात हे प्रमाण थक्क करणारं आहे.

तांड्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना लोंबणारी गोणी टाकत. दोन्हीकडचं वजन सारखं असावं लागे, नाहीतर दिवसभराच्या चालीत पाठ सोलवटून निघे आणि जखमी बैल पुढे आठवडाभर निकामी होई. सकाळी लादायचं, काही कोस चालायचं, उन्हं तापली की उतरायचं. उतरलेल्या गोण्या रचून मुक्कामाभोवती आडोसा करायचा आणि बैल चरायला सोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तांडा दिवसाला दहा-बारा किलोमीटरच चाले, पण त्याला घाई नव्हती. बैल वाटेतल्या गायरानावर चरत असल्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य होता, आणि बायकापोरांसह अख्खं कुटुंब बरोबर असल्यामुळे मजुरी वेगळी द्यावी लागत नसे. वेग कमी असूनही ही वाहतूक स्वस्त पडे, ती या दोन गोष्टींमुळे.

फौजांना तर बंजाऱ्यांवाचून पाऊल टाकता येत नसे. मोगल असोत, मराठे असोत वा इंग्रज, छावणीच्या बाजारातलं धान्य तांड्यांकडूनच येई. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या दख्खनच्या मोहिमेची रसद मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवर चालली होती. दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्यामुळे धान्याच्या तांड्याला सहसा कुणी हात लावत नसे.

या व्यवस्थेत एक जीवघेणी उणीव होती. बैल गवतावर आणि पाणवठ्यावर अवलंबून होता. पाऊस झाला नाही की वाटेवर चारा नाही आणि पाणीही नाही. म्हणजे ज्या वर्षी बाहेरून धान्य आणायची सर्वांत जास्त निकड, नेमकी त्याच वर्षी वाहतूक कोसळायची. एका जिल्ह्यात धान्याची पेवं भरलेली आणि शंभर कोसांवर माणसं अन्नान्न करून मेलेली, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसलं, त्यामागे हे मोठं कारण होतं.

इंग्रजांना महाराष्ट्राच्या वाहतुकीत रस निर्माण झाला तो मात्र दुष्काळामुळे नव्हे, कापसामुळे. वऱ्हाडचा कापूस आधी बैलांवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेतून नावेनं कलकत्त्याला जाई. वाटेत महिने लागत. धूळ, पाऊस यांनी कापूस खराब होई. तो पश्चिमेकडे मुंबईला वळवायचा तर आड सह्याद्री होता. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याकडून निघालेली बैलगाडी पहिल्यांदा माल न उतरवता कोकणात पोचू लागली. तोवर हाच माल घाटमाथ्यावर गाडीतून उतरवून बैलांच्या किंवा हमालांच्या पाठीवर चढवावा लागे. मुंबई मोठी कशी झाली हे सांगताना बंदराचं आणि गिरण्यांचं नाव घेतात, त्यांच्या जोडीनं या रस्त्याचंही घ्यायला हवं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. मालवाहतुकीच्या दृष्टीनं त्याहून मोठी तारीख दहा वर्षांनंतरची आहे. १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, २५ बोगदे आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. पटकी आणि तापानं त्यांतले हजारो मेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचं नाव नोंदलं गेलं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन लगेचच वारला, तेव्हा काम पुढे नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस हिचंही. मजुरांची नावं कुठे नाहीत. आजही पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून जादा इंजिनं जोडतात. घाटानं आपला थांबा अजून सोडलेला नाही.

१८६५ ला थळघाट पार झाला आणि १८६७ ला रूळ नागपूरला भिडले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद होऊन लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. खामगाव, अमरावती, हिंगणघाट इथल्या बाजारांत पैसा खेळू लागला. तांड्याला जे अंतर तुडवायला महिने लागत ते मालगाडी काही दिवसांत कापू लागली.

त्याचा परिणाम किती झाला, याचा अलीकडचा सर्वांत नेटका हिशेब डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञानं मांडला. त्यानं साधन निवडलं मिठाचं. ठरावीक जातीचं मीठ ठरावीक ठिकाणीच पिकायचं, त्यामुळे दूरच्या जिल्ह्यात त्याचा भाव जितका जास्त तितका मुख्यतः वाहतुकीचा खर्च, हे त्याचं साधं पण भेदक सूत्र. रूळ पोचले की मिठाच्या भावातली ही तफावत घटली. ज्या जिल्ह्यात रेल्वे पोचली तिथलं शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं, असा त्याचा निष्कर्ष आहे.

तरीही १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं मेली, आणि तेव्हा रेल्वे होती. हे विसरून चालणार नाही. आगगाडीला गवत लागत नाही, ती कोरड्या वर्षीही चालते, हे खरं. पण ती धान्य भुकेच्या दिशेनं नेत नाही, भावाच्या दिशेनं नेते. ज्यांच्या हातात पैसाच उरला नव्हता त्यांच्या गावात धान्य उतरलं तरी ते विकत घेणार कोण? त्याच काळात देशाबाहेरही धान्य जात राहिलं. वाहतुकीनं दुष्काळाचं दुखणं अर्धंच सोडवलं. उरलेलं अर्धं मजुरीचं आणि रेशनचं होतं, त्याला पुढचं शतक उजाडावं लागलं.

आणि बंजारे? रूळ जिथे जिथे गेले तिथे त्यांचा धंदा बसला. काही काळ ते स्थानकापासून आडगावापर्यंतची वाहतूक करत राहिले, मग रस्ते झाले आणि तीही बैलगाड्यांकडे गेली. मीठ सरकारच्या ताब्यात, गायरानं जंगलखात्याच्या ताब्यात. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि फिरणं हाच संशय ठरला. देशाला शतकानुशतकं धान्य पुरवणाऱ्या समाजावर पोलिसांची हजेरी बसली. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. आणि याच समाजातली असंख्य कुटुंबं दर हिवाळ्यात कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, फडापासून कारखान्यापर्यंत टायरच्या बैलगाडीतून ऊस ओढतात. बैलावरची मालवाहतूक संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी गाळप हंगामात साखर कारखान्याच्या काट्यासमोरची गाड्यांची रांग पाहावी.

घाटात माल उतरवायची गरज उरली नाही, पण रेल्वेनं स्वतःचा एक नवा थांबा निर्माण केला. मुख्य मार्गांचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतराचे (ब्रॉडगेज), स्वस्तात बांधलेल्या मार्गांचे १,००० मिलिमीटरचे (मीटरगेज) आणि आडवळणी फाट्यांचे ७६२ मिलिमीटरचे. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापावर जाऊच शकत नाही. १९०० साली निजामाच्या राज्यातला मीटरगेज मार्ग मनमाडला येऊन मुंबईच्या ब्रॉडगेजला मिळाला आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं मराठवाड्याचा माल मनमाडला उतरत राहिला. एका बाजूला मोठी वाघीण, दुसऱ्या बाजूला छोटी, मधे हमालांची रांग. पोत्यात लोखंडी आकडा खुपसायचा, पाठीवर घ्यायचं, चार पावलं चालायचं, टाकायचं. शंभर किलोचं पोतं, दिवसात शेकडो वेळा. तूट, चोरी, भिजलेला माल, वाघीण मिळेपर्यंतचा खोळंबा, हे सगळं मराठवाड्यातल्या ग्राहकाच्या माथी. मुंबईत वस्तू स्वस्त आणि परभणीला महाग, याचं एक कारण रुळांच्या या मापात होतं.

छोट्या गेजला नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रोप या अभियंत्यानं १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, ती पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. लातूरची बाजारपेठ वाढवण्यात या चिमुकल्या गाडीचा मोठा वाटा आहे. नव्वदच्या दशकापासून देशभरात एकच माप करण्याचं काम जोरात सुरू झालं आणि त्यात हा मार्गही रुंद झाला. त्याचं मोल २०१६ च्या उन्हाळ्यात कळलं. लातूर शहराचं पाणी आटलं तेव्हा राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात स्वच्छ केलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेला आणल्या, तिथे कृष्णेचं पाणी भरलं आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली गाडी १० वाघिणींमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या पावसाळ्यापर्यंत येत राहिल्या. रूळ जुन्या मापाचे असते तर कोट्याची वाघीण लातूरला शिरलीच नसती.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या लांब पल्ल्याच्या मालाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज तो तीस टक्क्यांच्याही खाली आहे. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, तेव्हा कुणाला हे स्वप्नातही वाटलं नसेल. ट्रक जिंकला तो वेगामुळे, असं सरसकट म्हणतात. माझ्या मते तो जिंकला थांब्यांमुळे. रेल्वेनं माल पाठवायचा तर गोदामातून हातगाडीवर, हातगाडीवरून मालधक्क्यावर, तिथून वाघिणीत, आणि पोचल्यावर हेच उलट क्रमानं. ट्रकमध्ये एकदा भरला की थेट दुकानाच्या दारात उतरतो. बिल्टी म्हणजे मालाची पावती फाडली की हुंडेकरी, म्हणजे वाहतूक ठेकेदार, निर्धास्त.

रेल्वेनंही या पराभवाला हातभार लावला. प्रवाशांचं भाडं कमी ठेवायचं म्हणून तोटा मालभाड्यातून भरून काढला. एकाच रुळावर दोन्ही गाड्या, त्यात मालगाडीनं बाजूला उभं राहून मेलला वाट द्यायची. त्यामुळे मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षं ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच घुटमळला. आणि हळूहळू रेल्वेनं फुटकळ माल घेणंच सोडलं. अख्खी रेक भरणारा गिऱ्हाईक असेल तर या, असा खाक्या झाला. कोळसा, खनिज, सिमेंट, खत रेल्वेकडे राहिलं. एकट्या कोळशाचाच वाटा निम्म्याच्या घरात. रावेर-सावद्याची केळी एके काळी वाघिणींतून दिल्लीला जात, त्यांतली बरीचशी ट्रकवर गेली. नाशवंत माल वाघिणीची वाट पाहत थांबत नाही.

ट्रकच्या वाटेतही एक थांबा होताच: नाका. प्रत्येक राज्याची हद्द, आणि महाराष्ट्रात प्रत्येक मोठ्या शहराची वेस. मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. एजंट कागद घेऊन धावत, ड्रायव्हर गाडीखाली चादर टाकून झोपत. नाणेघाटातल्या जकातीचीच ही पुढची पिढी, फरक इतकाच की सातवाहनांना घाट राखायचा होता आणि महापालिकेला रस्ते-दवाखाने चालवायचे होते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा करासोबत संपली. त्या करानं आणखी एक गोष्ट केली. पूर्वी परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, तो चुकवण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचं गोदाम ठेवत. माल तिथे उतरायचा तो केवळ करासाठी. ते कारण गेल्यावर छोटी गोदामं बंद झाली आणि भिवंडीसारख्या मोक्याच्या जागी मैलोगणती मोठी गोदामं उभी राहिली. तिथून पुढचं काम २००५ साली आलेल्या टाटा एसचं, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो.

आता उलटा प्रवाह दिसतोय. १९८९ ला न्हावाशेवाचं बंदर सुरू झाल्यावर कंटेनर हे मोजण्याचं माप झालं. नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये थंड कंटेनरला एकदा कुलूप लागलं की आतल्या द्राक्षांना युरोपातल्या बंदरापर्यंत कुणाचा हात लागत नाही. या बंदरापासून उत्तरेकडे दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत फक्त मालगाड्यांसाठी दीड हजार किलोमीटरचा मार्ग आखला गेला. त्याच्या पूर्ण झालेल्या भागावर कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेच्या तारांखालून गाड्या धावतात. कोकण रेल्वेनं तर १९९९ सालीच कोलाडहून वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. घाट, वळणं आणि डिझेल वाचतं, आणि माल मुळी उतरवावाच लागत नाही. रेल्वेला आपला गेलेला धंदा परत हवा असेल, तर रुळांइतकंच लक्ष मालधक्क्याकडे द्यावं लागेल आणि फुटकळ व्यापाऱ्याला पुन्हा दारात घ्यावं लागेल. नुसत्या वेगानं तो परत येणार नाही.

राहता राहिला तो ओझं प्रत्यक्ष उचलणारा माणूस. मुंबईच्या बाजारात अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्याच्या भवानी पेठेत बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं, तेव्हा हमालाला ना मालक होता ना पगार. जो पोतं उचलायला सांगेल तो त्या क्षणापुरता मालक. १९६९ च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्यानं यावर एक अस्सल देशी तोडगा काढला. व्यापारी आणि हमालांच्या टोळ्या दोघांचीही माथाडी मंडळाकडे नोंदणी. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळानं त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना पाहायचा. मालक कितीही बदलले तरी कामगाराचा हक्क एकाच ठिकाणी साठतो. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली दांडगाई करणारे पुढे या क्षेत्रात शिरले, ही तक्रार खरी आहे आणि त्यांना आवरायलाच हवं. पण म्हणून कायदाच मोडीत काढा, ही मागणी मला मान्य नाही. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आलं, हमालाच्या पोरांची शिक्षणं झाली, ती याच संघटनांच्या जोरावर.

आज सगळ्यात शेवटचा थांबा आपल्या घराचा उंबरा झालाय. तिथे पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या पोरालाही ठरलेला मालक नाही. जे अ‍ॅप काम देईल ते त्या फेरीपुरतं मालक. त्याची अडचण १९६९ च्या हमालाचीच आहे. राजस्थाननं २०२३ साली अशा कामगारांसाठी मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क अशी रचना असलेला कायदा केला. ती रचना माथाडी मंडळाच्या कल्पनेशी थेट जुळणारी आहे. ज्या राज्यानं ही कल्पना देशात पहिल्यांदा अमलात आणली, त्या महाराष्ट्रानं ती आपल्या घरपोच माल देणाऱ्या पोरांसाठीही लागू करावी.